शब्दांधत्वापासून हक्कापर्यंत : डिस्लेक्सियाची १२० वर्षे 🧵

१/ ७ नोव्हेंबर १८९६. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी १४ वर्षांच्या पर्सीची हकीकत मांडली. मुलगा तल्लख, खेळांत चपळ. पण स्वतःच्या नावातली अक्षरेही उलटसुलट लिही. सारे शिक्षण तोंडी असते तर हाच शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते.

२/ मॉर्गन यांनी याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. 'डिस्लेक्सिया' हा शब्द १८८७ मध्येच रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने योजला होता, तोही मेंदूच्या विकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांसाठी.

३/ भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सात प्रकार मानले. डिस्लेक्सिया त्यांत नव्हता. महाराष्ट्रात १९९६ पासून शालेय परीक्षांत सवलती मिळू लागल्या. विद्यापीठात पाऊल ठेवल्यावर मात्र पाठीशी केंद्रीय कायदा नव्हता.

४/ २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही संख्या २१ केली आणि तीत 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' आली. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेसाठी लेखनिक आणि ताशी किमान २० मिनिटे जादा वेळ ठरवून दिला.

५/ तरी ४० टक्क्यांची अट आडवी येई. लेखनविकार असलेल्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात, ११ फेब्रुवारी २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : प्रमाण त्याहून कमी आहे, एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही.

६/ आपण आजही याला 'सवलत' म्हणतो. सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते. म्हणून परीक्षा विभागाच्या खिडकीपाशी अर्ज घेऊन उभ्या विद्यार्थ्याने मान खाली घालू नये. तो उपकार मागत नाही, कायद्याने दिलेला हक्क बजावतो आहे.