ड्रायव्हर, कंडक्टर आणि बसचा जिना

‘नियमित व्यायामाने हृदय निरोगी राहते’ हे वाक्य आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. ते खरे कशावरून, असे मात्र वर्गात क्वचितच कोणी विचारते. व्यायामाचे गुणगान पूर्वापार चालत आले आहे. पण गुण गाणे वेगळे आणि मोजून दाखवणे वेगळे. हृदयविकाराच्या बाबतीत हे मोजमाप दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लंडनमध्ये झाले, तेही चक्क दुमजली बसमध्ये!

त्या काळी ब्रिटनमध्ये मध्यमवयीन पुरुषांना हृदयविकाराचे झटके येण्याचे प्रमाण वाढत चालले होते. कारण कळत नव्हते. झटका येऊन गेलेल्या रोग्याला डॉक्टर कित्येक आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी ठरवले की, निरनिराळे व्यवसाय करणाऱ्यांमध्ये या रोगाचे प्रमाण वेगवेगळे आहे का ते पाहायचे. त्यांना मिळाले लंडनच्या वाहतूक संस्थेतले ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष कर्मचारी.

मुंबईच्या जुन्या दुमजली बसमधून प्रवास केलेल्यांना पुढचे चित्र चटकन डोळ्यांसमोर येईल. ड्रायव्हर पुढच्या केबिनमध्ये, कामाच्या वेळेपैकी ९० टक्के वेळ बसून. कंडक्टर मात्र तिकिटे देत सतत वर-खाली. लंडनचा कंडक्टर दिवसाकाठी सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. म्हणजे बस एकच, नोकरी देणारी संस्था एकच, फरक हालचालीचा.

१९४९-५० मधल्या नोंदींतून दिसले ते असे: दर हजारी वर्षाला ड्रायव्हरांमध्ये या विकाराचे २.७ नवे रोगी, तर कंडक्टरांमध्ये १.९. आकडे किरकोळ वाटतात? फळ्यावर दहा हजारांचा हिशेब मांडून पाहा: २७ आणि १९. शिवाय पहिल्या तीन दिवसांतच मृत्यू येण्याचे प्रमाण ड्रायव्हरांमध्ये कंडक्टरांच्या दुपटीहून जास्त होते.

पण यावरून लगेच ‘जिना चढा’ असे म्हणता येईल का? ड्रायव्हरच्या डोक्यावर रहदारीचा ताण असतो; दोष त्याचाही असू शकेल. मॉरिस यांनी निष्कर्ष छापण्याची घाई केली नाही. ते टपाल खात्याकडे वळले. तिथे पायी किंवा सायकलवर पत्रे वाटणारे पोस्टमन होते, तसेच टेबलाशी बसणारे कारकून आणि टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांना रहदारीचा ताण कुठला? तरीही बैठे काम करणाऱ्यांत हृदयविकार जास्तच आढळला. मग १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये शोधनिबंध आला.

शंका संपल्या नव्हत्या. त्यातली एक मोठी वाजवी होती: मुळातच जाड असलेली माणसे ड्रायव्हर होत असतील तर? म्हणजे आजाराचे बीज नोकरीच्या आधीचेच! यावर मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटचा कंबरेचा घेर तरुण वयातसुद्धा कंडक्टरांपेक्षा मोठा निघाला! १९५६ सालच्या या निबंधाच्या नावातच ‘गणवेश’ हा शब्द आहे. शंका घेणाऱ्यांचे म्हणणे काही अंशी खरे ठरले आणि ते मॉरिस यांच्याच गटाने छापले. मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. पुढे त्यांनी सडपातळ, मध्यम आणि जाड असे वेगवेगळे गट करून पाहिले. प्रत्येक गटात अचानक मृत्यूचा धोका कंडक्टरांनाच कमी होता.

तरीही व्यवसायांची तुलना म्हटली की निवडीचा प्रश्न पुन्हा डोके वर काढणारच. म्हणून पुढचा अभ्यास सगळेच खुर्चीवर बसणाऱ्यांचा. १९६८ ते १९७० या काळात सुमारे १७ हजार सरकारी अधिकाऱ्यांना सोमवारी सकाळी अचानक कागद देण्यात आला: गेल्या शुक्रवारी आणि शनिवारी काय काय केलेत ते लिहा. पूर्वसूचना नसल्याने कोणाला मुद्दाम व्यायाम करून ठेवण्याची सोय नव्हती! पुढची काही वर्षे त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवले गेले. पोहणे, वेगाने चालणे असा दमवणारा व्यायाम फावल्या वेळात करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी निघाले.

१९९० साली मॉरिस यांच्या गटाने आणखी एक निष्कर्ष मांडला. यात ९,३७६ अधिकारी होते. तरुणपणी मैदान गाजवलेले, पण नंतर खेळ सोडून दिलेले लोकही त्यांत होते. त्यांना आणि कधीच न खेळलेल्यांना हृदयविकाराचा धोका सारखाच होता.