जुने स्लॅब
नाण्याची प्रत ठरवून ते ज्या सीलबंद पारदर्शक प्लॅस्टिक कवचात ठेवतात त्याला स्लॅब म्हणतात. अमेरिकेतील पीसीजीएसने १९८६ मध्ये आणि एनजीसीने १९८७ मध्ये हे काम सुरू केले. प्रतवारीला १ ते ७० गुणांची शेल्डन श्रेणी वापरतात. तिचा उगम १९४९ चा.

या कंपन्यांनी कवचांचे आकार व लेबले वेळोवेळी बदलली, आणि कालबाह्य कवचेच संग्राह्य ठरली. पीसीजीएसच्या सुरुवातीच्या छोट्या स्लॅबला ‘रॅटलर’ म्हणतात, कारण त्यात नाणे सैल असून हलवल्यास खुळखुळते. पुढच्या हिरव्या लेबलाच्या स्लॅबनाही मागणी आहे. एनजीसीचा पहिला, काळ्या गाभ्याचा स्लॅब थोडाच काळ चालला. तो आता दुर्मीळ आहे.

या आकर्षणामागे हिशेबही आहे. पूर्वीची प्रतवारी कडक होती, असा संग्राहकांचा समज; तेच नाणे आज वरच्या प्रतीत बसेल, या आशेने जास्त पैसे मोजले जातात. समज सरसकट खरा नाही, पण निराधारही नाही : २००७ मध्ये स्थापन झालेली सीएसी स्लॅबमधील नाणी तपासून, लेबलावरील प्रतीहून सरस वाटलेल्यांना सोनेरी स्टिकर लावते, आणि असे स्टिकर जुन्या स्लॅबवर अधिक दिसतात. फेरप्रतवारीसाठी कवचे फोडली जातात, त्यामुळे शिल्लक संख्या घटतच जाते. काही संग्राहक मात्र आतल्या मामुली नाण्याकडे बघतही नाहीत.

बनावट स्लॅबही बाजारात आहेत. लेबलावरील क्रमांक कंपनीच्या नोंदीशी ताडावा; तो खऱ्या लेबलावरून उचललेला असू शकतो, म्हणून नाणेही तपासावे.