जुवावरची काशाची कडी

श्रोतेहो, गाडीतली महत्त्वाची वस्तू कोणती, असे गाडीवानाला विचारले तर तो चाक सांगेल, आस सांगेल, जू सांगेल. एखादी लहानशी कडी काही तो सांगायचा नाही. पण आज मी तुम्हांला अशा कडीचीच हकिगत सांगणार आहे. ही कडी प्राचीन रोमन लोकांच्या घोडागाडीची.

रोमन गाडी लाकडाची आणि साज चामड्याचा. दोन्ही मातीत कुजून जातात. मागे उरते ते धातूचे: चाकाची लोखंडी धाव, चाक निसटू नये म्हणून आसाला घातलेली खीळ, लगामाचा तोंडातला भाग आणि जुवावरच्या काशाच्या कड्या. जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठी नॉइपोट्स येथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळूखडी उपसताना अशा वस्तूंचा मोठा साठा निघाला. तिसऱ्या शतकातल्या लुटीचा हा माल. वजन 700 किलोंच्या वर, आणि त्यात गाड्यांचेही भाग होते. इटलीत पाँपेईजवळ 2018 साली एक तबेला उघडकीस आला. इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या तिथल्या एका घोड्याच्या अंगावर साजाचे कासे अजून होते. त्याच जागी 2021 साली एक नक्षीदार चारचाकी गाडीही मिळाली.

आता ही कडी काय काम करी ते बघा. घोड्याच्या तोंडापासून लगामाच्या वाद्या निघत, जुवावरच्या कड्यांतून ओवल्या जात आणि मग गाडीवानाच्या हातात येत. कडी नसती तर वाद्या लोंबल्या असत्या, पायांत अडकल्या असत्या, शेजारच्या घोड्याच्या वाद्यांत गुंतल्या असत्या. कासे गंजून खरबरीत होत नाही, म्हणून त्यातून चामडे सहज सरके. काही कड्यांची आतली बाजू वाद्यांनी घासून झिजलेली दिसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गाडीवानाच्या हाताची ती खूणच म्हणा ना!

पण इथे एक अडचण आहे. बैलाला वशिंड असते, जू त्याच्यापुढे मानेवर नीट टेकते. घोड्याला वशिंड कुठले? त्यासाठी निराळा पट्टा लागतो. फ्रेंच घोडदळातले अधिकारी लफेव्र दे नोएत यांनी 1931 साली मोठा ग्रंथ लिहून असे मांडले, की प्राचीन काळचा हा पट्टा घोड्याच्या गळ्यावर येई, श्वास कोंडे, आणि म्हणून घोडा जेमतेम अर्धा टन ओढू शके. एवढ्यावर ते थांबले नाहीत. जनावरांची ताकद वापरता येत नव्हती, म्हणून माणसांना गुलाम करावे लागले, असेही त्यांनी सुचविले. पुस्तकांतून हे मत बरीच वर्षे शिकवले गेले.

पुरावा म्हणून रोमन कायदा दाखवीत. इ. स. 357 च्या एका हुकमाप्रमाणे सरकारी टपालाच्या चारचाकीत 1000 रोमन पौंडांहून, म्हणजे सुमारे 327 किलोंहून अधिक ओझे घालायचे नव्हते. पण तोच हुकूम पुढे सांगतो की या गाडीला उन्हाळ्यात 8 आणि हिवाळ्यात 10 खेचरे जुंपावीत. शिवाय त्याच काळच्या नियमांत बैलगाडीलाही 1500 पौंडांची, म्हणजे सुमारे 490 किलोंची मर्यादा होती. आता तुम्हीच सांगा, बैलाचा गळा का जुवाने आवळतो? एवढ्या ओझ्याने बैलजोडी थकते का? मर्यादा जनावराच्या ताकदीची नव्हतीच. सरकारी गाड्या आणि जनावरे लवकर झिजू नयेत, टपाल रखडू नये, यासाठी ती होती.

पुढे 1970 च्या दशकात झाँ स्प्रुइत या फ्रेंच अभ्यासकाने जुनी चित्रे आणि अवशेष बारकाईने पाहिले. तशाच गाड्या आणि साज स्वतः तयार केले, त्यांना घोडे जुंपले आणि हाकले. घोडे गुदमरले नाहीत. जुन्या काळी दोन वेगळ्या पद्धती होत्या आणि आधीच्या संशोधकाने त्यांची भेसळ केली होती, असे त्यांनी दाखवून दिले. नीट बांधलेला पट्टा गळ्यावर न येता छातीवर राही. मध्ययुगात आलेला खांद्यावरचा गळपट्टा जड नांगरासाठी अधिक चांगला, हे खरेच. पण रोमन साज म्हणजे फास नव्हे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यातून घ्यायचे ते एवढेच. रोमन लोकांनी माणसे गुलाम केली, ती लढाईतून आणि बाजारातून, लोभापायी. तो दोष चामड्याच्या पट्ट्यावर ढकलून चालायचे नाही. आणि पुस्तकातले मत कितीही मोठ्याचे असो, गाडी जुंपून पाहिल्यावाचून ते पक्के धरू नये. हे तर आपल्या गाडीवानाला न शिकवताही ठाऊक असते.