पोर्तुगीज चर्चचा रविवार

शिवाजी पार्कच्या परिसरात कोणालाही पत्ता विचारा, ‘पोर्तुगीज चर्चपाशी उतरा’ असे म्हटल्यावाचून तो सहसा पुरा होत नाही. गोखले रस्ता आणि बोले रस्ता जेथे मिळतात तेथे हे चर्च आहे. त्याचे खरे नाव वेगळेच, ‘अवर लेडी ऑफ साल्व्हेशन’, म्हणजे तारणमाता मरिया. ते नाव चर्चच्या कागदपत्रांत राहिले आणि लोकांच्या तोंडी ‘पोर्तुगीज’ बसले. मात्र दर रविवारी तेथे जमणाऱ्या मंडळीत पोर्तुगीज माणूस शोधूनही सापडावयाचा नाही. सापडतील ते याच बेटावर पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले आमचे शेजारी, आणि पुढे गोवा, मंगळूर, वसई येथून पोटासाठी आलेले त्यांचे धर्मबंधू. नावातल्या या एका चुकीने बरेच नुकसान केले आहे. दादरचे सर्वांत जुने रहिवासी दादरकरांनाच परके वाटू लागले, हे ते नुकसान.

सालेच पाहावयाची तर हे चर्च फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी १५९६ साली उभारले आणि शिवाजी पार्कचे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले झाले. मधले अंतर ३२९ वर्षांचे. या काळात येथे ना रस्ते होते, ना आजच्या हवेशीर चाळी आणि बंगले. होत्या त्या माडांच्या वाड्या, भाताची खाचरे, खाजणे आणि कोळ्यांच्या होड्या. ‘दादर’ हे नावही कागदोपत्री फारसे येत नसे, या भागाला खालचे माहीम म्हणत. वरच्या माहीमला संत मायकलचे चर्च, खालच्या माहीमला हे. दोन्ही सोळाव्या शतकातली. १५३४ च्या तहाने गुजराथच्या सुलतानाकडून वसई आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना मिळाली, त्यांच्यामागून पाद्री आले, आणि कोळी, भंडारी, कुणबी अशा जातींतली कुटुंबे ख्रिस्ती झाली. काही मनापासून झाली, काही सरकारच्या दडपणाने झाली, काही सवलतींसाठी झाली. त्या काळच्या धर्मांतराचा इतिहास एकरंगी नाही आणि तो एकरंगी करून सांगण्यात अर्थही नाही. एवढे खरे की धर्म बदलला तरी वाडी, विहीर, धंदा, लुगडे आणि बोली बदलली नाही. वारांची नावेसुद्धा तशीच राहिली. पोर्तुगीज पाद्री रविवारला ‘दोमिंगू’, प्रभूचा दिवस, म्हणत. गोव्याकडचे ख्रिस्ती मात्र त्याच दिवसाला ‘आयतार’ म्हणत राहिले, आणि आयतार म्हणजे आपला आदित्यवारच!

या लोकांचा आठवडा रविवारभोवती कसा फिरत असेल, याची कल्पना आज सहज येत नाही. मिस्सा लॅटिन भाषेत होई. पाद्री वेदीकडे तोंड करून, मंडळीकडे पाठ करून प्रार्थना म्हणे. ती भाषा कळणारा मंडळीत जवळजवळ कोणी नसे. लोक गुडघे टेकून आपली जपमाळ ओढीत आणि घंटी वाजली की माना लववीत. त्यातून कम्युनियन म्हणजे ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य. आपल्याकडच्या निर्जळी एकादशीइतकाच कडक नेम, आणि तो दर आठवड्याला! त्यामुळे मिस्सा सकाळीच होत असे. संध्याकाळच्या मिस्सेला सर्वसाधारण परवानगी मिळाली ती पोप बारावे पायस यांनी १९५३ साली नियम सैल केले तेव्हा. पाण्याने उपवास मोडत नाही, असेही तेव्हाच ठरले. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारच्या जागी धरण्याची सोय तर त्याहून नंतरची. गिरणीत किंवा रेल्वेत पाळीवर जाणाऱ्या माणसाला या सवलती काय वाटल्या असतील, हे सांगावयास नको.

पण मिस्सा हा रविवारचा एक भाग झाला. दुसरा भाग चर्चच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत घडे, आणि माझ्या मते धर्मग्राम टिकले ते या दुसऱ्या भागामुळेच. लग्न ठरले की वधूवरांची नावे लागोपाठ तीन रविवार मंडळीपुढे पुकारावयाची, कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर त्याने ती सांगावयाची, असा नियम. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १५६३ साली तो पक्का केला, आणि लग्नाची नोंद वहीत ठेवणे पाद्र्यावर बंधनकारक केले. वर्तमानपत्रे नव्हती तेव्हा रविवारची मिस्सा हेच वर्तमानपत्र होते. कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, कोणाच्या नावाने मिस्सा आहे, कोणाची वाडी विकावयाची आहे, कोणाचा मुलगा आफ्रिकेला चालला आहे, हे सारे चर्चच्या पायऱ्यांवर कळे. सरकारी जन्ममृत्यूची दप्तरे पुष्कळ नंतरची. त्याआधी सामान्य माणसाचे नाव कोठे लिहून ठेवले जात असेल तर ते बहुधा अशा वहीत.

भाषेची तहान मात्र लॅटिनने कशी भागणार? तिच्यासाठी पुराणे आली. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्याच्या साष्टीत बसून सुमारे ११ हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापून निघाले, हे मराठी वाचकांना माहीत आहे. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १६५९ साली ख्रिस्ताच्या दुःखसहनावर असेच एक पुराण रचले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ते उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत आहे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मुंबईच्या ख्रिस्ती घरांतून ते गाऊन वाचीत. शेजारच्या आळीत चातुर्मासाची पोथी लागावी आणि या आळीत हे पुराण लागावे, यात ऐकणाऱ्याला फारसे वेगळे वाटले नसेल. देवळातली भाषा एक आणि घरातल्या देवाची भाषा दुसरी, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही. ज्ञानेश्वरांना तरी दुसरे काय करावे लागले?

१६६१ च्या विवाहतहाने मुंबई इंग्रजांकडे गेली, ताबा १६६५ साली मिळाला. राज्य बदलले, रविवार बदलला नाही. पण इंग्रजांना आपल्या बेटावर गोव्याच्या आर्चबिशपचे पाद्री नकोत असे वाटू लागले, आणि १७२० साली त्यांनी फ्रान्सिस्कन पाद्र्यांना घालवून चर्चे रोमहून नेमलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांच्या हवाली केली. येथून सुरू झालेले भांडण दोनशे वर्षे चालले. एका बाजूला पोर्तुगालच्या राजाचा धर्मसत्तेवरचा जुना हक्क, त्याला ‘पाद्रोआदो’ म्हणत. दुसऱ्या बाजूला रोमची धर्मप्रसारक संस्था, ती ‘प्रोपागांडा’. १७८९ साली चर्चे गोव्याकडे परत, १७९१ साली पुन्हा कार्मेलाइटांकडे, आणि अखेर १७९४ साली वाटणी! दादरचे चर्च गोव्याकडे गेले आणि वरच्या माहीमचे रोमच्या पक्षाकडे राहिले. दोन चर्चे हाकेच्या अंतरावर, श्रद्धा एक, मिस्सा एक, पण बिशप दोन. दादरच्या चर्चला ‘पोर्तुगीज’ हे नाव इतके घट्ट का चिकटले, याचे उत्तर मला तरी येथे दिसते. ज्यांनी ते बांधले त्यांच्यापेक्षा ज्यांच्या अधिकाराखाली ते पुढे राहिले, त्यांची खूण त्या नावात आहे.

या भांडणातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. १८५३ साली वरच्या माहीमच्या मंडळीतले पुष्कळ लोक गोव्याच्या पक्षाला मिळाले आणि चर्च आपल्याबरोबर न्यावयास निघाले. त्या वेळचे रोमपक्षाचे बिशप अनास्टेशियस हार्टमन हे स्वित्झर्लंडचे कापुचिन संन्यासी. ‘एक्झामिनर’ हे साप्ताहिक १८५० साली मुंबईत सुरू झाले ते त्यांच्याच पुढाकाराने. ते स्वतः चर्चमध्ये जाऊन बसले आणि दारे लावून घेतली. मरेन पण चर्च सोडणार नाही, असा त्यांचा बाणा. बाहेर त्यांच्याच धर्माचे लोक वेढा घालून बसलेले, आत बिशप! कित्येक दिवस हे चालले. शेवटी सरकारने मध्ये पडून चर्च गोव्याच्या पक्षाला दिले. यात कोण बरोबर हे ठरविण्याच्या भरीस मी पडत नाही. मला महत्त्वाची वाटते ती बाहेरची माणसे. चर्च कोणाचे, राजाचे की पोपचे, असा वाद विद्वान घालीत होते. ही कोळी-भंडाऱ्यांची मुले सांगत होती की चर्च आमचे, आमच्या आजोबांना येथे पुरले आहे. हा दुहेरी अधिकार मिटला तो पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या १९२८ च्या कराराने.

दरम्यान या मंडळीला आणखी एक नाव मिळाले. आगबोटी आणि रेल्वे सुरू झाल्यावर गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती मोठ्या संख्येने मुंबईस आले. तेही पोर्तुगीज आडनावांचे, तेही कॅथलिक. नोकऱ्यांच्या बाजारात मूळच्या मंडळीस वेगळी ओळख हवी झाली. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली, तो मुहूर्त साधून त्यांनी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ काढली आणि स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले. कंपनी सरकार जाऊन तेव्हा तीस वर्षे होत आली होती! या नावाने त्यांना नोकऱ्या मिळाल्या असतील, पण मराठीपण झाकले गेले. आधी ‘पोर्तुगीज’, मग ‘ईस्ट इंडियन’. पश्चिमेच्या मुंबईत राहणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या माणसांना मिळालेली ही दोन नावे! त्यांच्या स्वयंपाकघरातला बाटलीत ठासून भरलेला बाटली मसाला, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसे वाजतगाजत चर्चमध्ये नेण्याचा ‘आगेरा’, लग्नाआधी विहिरीवरून पाणी आणण्याचा विधी, हे सारे पाहणाऱ्याला ती नावे फसवू शकत नाहीत. आगेरा येतो तो आपल्या नवरात्र-दिवाळीच्या आसपास. घरात नवे धान्य आले की ते आधी देवाला दाखवावयाचे, ही रीत धर्मापेक्षा जुनी असावी.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. भीतीने शहर रिकामे होऊ लागले, आणि मुंबईतल्या कित्येक ख्रिस्ती आळ्यांनी रस्त्यावर क्रूस उभारले. दिवेलागणीला आळीतली माणसे तेथे जमून जपमाळ म्हणत. त्यांतले पुष्कळ क्रूस अजून उभे आहेत, कोणी तरी त्यांना फुले वाहते. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंग्याच्या योजना झाल्या, वाड्या तोडून रस्ते आखले गेले. नंतर नगरपालिकेचे मैदान झाले. त्याला १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव मिळाले आणि भोवती मध्यमवर्गाची वस्ती उभी राहिली. आमच्यापैकी बहुतेकांचे दादर येथून सुरू होते. चर्चच्या वहीतले दादर येथे जवळजवळ संपते. माड गेले, विहिरी बुजल्या, वाड्यांची नावे तेवढी उरली. गाव असे राहिलेच नाही. ते आठवड्यातून एकदा, मिस्सा सुटल्यावर, चर्चच्या अंगणात तासभर पुन्हा भरते इतकेच. कोणी वसईहून येतो, कोणी बोरिवलीहून, कारण मुंज्या वयात प्रथम प्रसाद घेतला तो येथे.

भाषेचे कोडे सुटावयास १९६३ साल उजाडावे लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने त्या वर्षीच्या ४ डिसेंबरला उपासनेविषयीचा जाहीरनामा काढला आणि लोकभाषांना मिस्सेत वाट मिळाली. पुढच्याच डिसेंबरात पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. वेदी फिरली, पाद्री मंडळीकडे तोंड करून उभा राहिला आणि मराठीत ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ म्हणू लागला. पण दादरमध्ये तोवर उशीर झाला होता. शाळेतून इंग्रजी घरात शिरली होती, आणि लॅटिनने रिकामी केलेली बरीचशी जागा इंग्रजीने घेतली. वसईकडे मराठी मिस्सा जशी भरभरून होते, तशी शहराच्या मध्यावर होत नाही. माहीमच्या संत मायकलच्या चर्चमध्ये ८ सप्टेंबर १९४८ या बुधवारी सुरू झालेली नोव्हेना मात्र इंग्रजीबरोबरच मराठी, कोकणी, हिंदी अशा भाषांतून दिवसभर चालते, आणि तिला हिंदू, पारशी, मुसलमान सगळे जातात. मंगळवारी सिद्धिविनायक आणि बुधवारी माहीम असा नेम करणाऱ्या बायका या भागात कमी नाहीत. देवांना त्यात काही अडचण दिसत नाही.

जुन्या चर्चची जागाही पुरेना. १९७४ ते १९७७ या काळात चार्ल्स कोरिया यांनी तेथे नवी वास्तू उभी केली. साबरमतीचे गांधी संग्रहालय बांधणारे तेच हे कोरिया. शिखर नाही, मनोरा नाही. काँक्रीटची उंच कवचे, त्यांच्या माथ्यातून खाली झरणारा उजेड, आणि झाकलेल्या दालनांत गुंतलेली उघडी अंगणे. पहिल्याप्रथम पाहणारा बुचकळ्यात पडतो. जुन्या पद्धतीचे चर्च हवे होते असे म्हणणारे वडीलधारे तेव्हाही होते, आणि त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण कोरियांनी अंगण ठेवले, ही गोष्ट मला मोठी वाटते. मिस्सा सुटल्यावर माणसे तेथेच रेंगाळतात. तीन रविवार पुकारलेल्या नावांपैकी कोणाच्या तरी लग्नाची बोलणी चाललेली असतात, म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करतात, आणि बाहेर बसचा वाहक थांब्याचे नाव पुकारतो, ‘पोर्तुगीज चर्च!’