शाळेचं छप्पर कोणाच्या पैशातून?



स्नेहमेळाव्याच्या तयारीत जेवणाच्या मेनूपेक्षाही जास्त वाद झाला तो शाळेच्या खोल्यांवरून. पावसाळ्यात गळणाऱ्या वर्गांसाठी आपण वर्गणी काढायची का? काहींचं म्हणणं, शाळा जिल्हा परिषदेची आहे, तिनेच बघावं. काहींचं म्हणणं, ज्या शाळेने आपल्याला उभं केलं तिच्यासाठी एवढंही करू नये का? हा वाद आपल्या बॅचचा नाही, दीडशे वर्षांचा आहे. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. पण बिघाड शोधताना आधी जुन्या नोंदी बघायच्या, ही सवय तिथेच लागली. त्या सवयीने हे लिहिते आहे.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो रयतेच्या कष्टातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांवर, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. याच फुल्यांचं चरित्र १९२७ साली लिहिलं ते आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या पंढरीनाथ सीताराम पाटलांनी. शाळेच्या पैशाचा प्रश्न आपल्या मातीला नवा नाही.

पुढचा टप्पा गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. १९११ मध्ये त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. स्थानिक संस्थांना सरकारच्या मंजुरीने शिक्षणासाठी वेगळा कर बसवता यावा, अशी त्यात तरतूद होती. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं, बाजूने १३, विरोधात ३८. विधेयक पडलं. सहा वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता तसा कायदा झाला. आपला वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. तिथे १९२० चा प्राथमिक शिक्षण कायदा आला.

अमेरिकेत ही गोष्ट थेट मतपेटीतून ठरते. शाळा दुरुस्त करायच्या तर तिथला शालेय जिल्हा कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवतो. मंजूर झाला तर कर्ज उभं राहतं आणि ते घरपट्टीसारख्या मालमत्ता करातून फिटतं. कॅलिफोर्नियात अशा प्रस्तावाला दोनतृतीयांश मतं लागत. २००० साली लोकांनीच मतदान करून ही अट ५५ टक्क्यांवर आणली. तिथल्या माणसाला ठाऊक असतं की अमुक शाळेच्या छतासाठी आपण हो म्हणालो किंवा नाही म्हणालो.

आपल्याकडे असं मतदान नाही. पण कर आहे, आणि तो आपले आईवडील भरत आले आहेत. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या कायद्यात जमीन महसुलावर स्थानिक उपकर आहे. मूळ दर रुपयामागे २० पैसे. तो वाढवून मागायचा अधिकार जिल्हा परिषदेला दिला आहे. आज तलाठ्याच्या हिशेबात आकाराच्या सातपट जिल्हा परिषदेचा आणि एकपट ग्रामपंचायतीचा उपकर लागतो. ‘सेस फंड’ म्हणतात तो यातूनही भरतो.

सातपट ऐकायला मोठं वाटतं. पण एखाद्या शेताचा आकार ५ रुपये धरला तर जिल्हा परिषदेला मिळतात ३५ रुपये. आकारणी कित्येक दशकांपूर्वीची, सिमेंट आणि सळईचा भाव मात्र आजचा. शाळा बांधण्याचा अधिकार जिल्ह्याला दिला, पण त्या ताकदीचा पैसा जिल्ह्याच्या हातात राहिला नाही. म्हणून मोठ्या कामांसाठी वरून येणाऱ्या निधीची वाट बघावी लागते. आपल्यापैकी नोकरी करणारे आयकरावर आरोग्य व शिक्षण उपकर भरतात. २००४ मध्ये तो २ टक्के शिक्षण उपकर म्हणून सुरू झाला, २०१८ पासून आरोग्यासह ४ टक्के आहे. तो दिल्लीला जातो. त्यातला किती रुपया आपल्या शाळेच्या छपरापर्यंत पोचला, हे शोधायला आपल्याला कुठलीच वाट नाही.

समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५ हजार आणि १०१ ते २५० पटाच्या शाळेला ५० हजार रुपये अनुदान ठरलेलं आहे. त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता आणि किरकोळ दुरुस्ती. स्लॅब त्यात होत नाही. खोली शिकस्त झाली की शाळेचा ठराव, अभियंत्याची पाहणी, निर्लेखनाची मंजुरी आणि मग नव्या खोलीची मागणी, असा तो प्रवास. घाटाखाली पूर्णेच्या काठची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया नीट नसेल तर भिंतीही तिच्यासारख्याच भेगाळतात. त्या कागदांची वाट बघत नाहीत.

या उशिराची किंमत मोठी असते. ऑगस्ट २०१७ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावी जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. जुलै २०२५ मध्ये राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात सात मुलं गेली. दोन्हीकडे पावसाळा होता आणि वर्ग भरलेला होता.

मग आपण काय करायचं? वर्गणी द्यावीच, माझं नाव यादीत आहे. पण वर्गणीने एक खोली होते आणि दहा वर्षांनी तीच खोली पुन्हा दुरुस्तीला येते. तेव्हा दुसरी बॅच मिळेलच असं नाही. ज्या गावातून कुणी पुण्याला किंवा परदेशात गेलंच नाही, तिथल्या शाळेने कोणाकडे बघायचं?

कायद्याने दोन दारं उघडी ठेवली आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचं काम त्यांचं आहे आणि अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. दुसरं दार ग्रामसभेचं. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा तो आराखडा ग्रामसभेपुढे येतो. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असतील तेवढे पुरतात. तेवढेही जमत नाहीत म्हणून सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, मग चार माणसांत गावाचा वर्षाचा पैसा ठरतो. २०२२ च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाकडे होता. त्या काळात गावाचा आवाज पोचवायला ग्रामसभेचंच दार उरलं होतं.

म्हणजे मतदान आपल्याकडेही आहे, हात वर करून होणारं. बॅचमधले वीसेक जण आजही गावातच राहतात, कुणाची मुलं याच शाळेत आहेत. त्यांना विनंती, समितीत जा. आम्ही बाहेरगावचे इतकं नक्की करू शकतो: इमारतीची अभियंत्याकडून तपासणी करून लेखी अहवाल घेणं, खर्चाचं अंदाजपत्रक करून देणं आणि अर्ज कोणत्या टेबलावर थांबला आहे त्याचा पाठपुरावा करणं. बॅचमध्ये आम्ही इंजिनिअर काही कमी नाही.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत शाळेच्या खोल्यांचा विषय लेखी दिला पाहिजे. त्या दिवशी गावातल्या आपल्या माणसांना फोन करून सभेला जायला सांगणं, हीसुद्धा वर्गणीच समजावी.