कोपनहेगनवर पडलेली रॉकेट्स

क्रूझ जहाज कोपनहेगनच्या लांगेलिनी धक्क्याला लागलं की हातात फार तर एक दिवस असतो. गर्दी आधी जलपरीकडे जाते. १९१३ साली बसवलेला, जेमतेम सव्वा मीटरचा पुतळा. फोटोला पाच मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळात मी शहरातून चालत फिओलस्ट्रेडेवरच्या विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात गेलो. तिथे काचेच्या पेटीत एक पुस्तक ठेवलंय आणि सोबत त्यात घुसलेल्या तोफगोळ्याचे तुकडे. पुस्तकाचं नाव ‘डिफेन्सॉर पासिस’, म्हणजे शांततेचा रक्षक!

गोळा इंग्रजांचा, साल १८०७. डेन्मार्क तेव्हा तटस्थ होता. पण त्याचं आरमार नेपोलियनच्या हाती पडेल या भीतीने इंग्रजांनी ते आधीच मागितलं. नकार आल्यावर शहराला वेढा घातला. डॅनिश सैन्य बरंचसं दूर दक्षिण सरहद्दीवर, फ्रेंचांवर नजर ठेवून बसलेलं. राजधानीच्या मदतीला जी शेतकऱ्यांची फौज जमली, तिचा २९ ऑगस्टला कोगे गावाजवळ धुव्वा उडाला. पळताना त्यांचे लाकडी बूट मागे पडले, म्हणून डॅनिश लोक आजही तिला लाकडी बुटांची लढाई म्हणतात.

तिथला इंग्रज सेनापती आपल्या ओळखीचा आहे. आर्थर वेलस्ली. चारच वर्षांपूर्वी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला होता आणि सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव केला होता. पुढे वॉटर्लूला तो ज्या घोड्यावर होता, त्याचं नाव कोपनहेगन.

२ ते ५ सप्टेंबर शहरावर मारा झाला. तोफा होत्या, उखळी तोफा होत्या आणि काँग्रीव्ह रॉकेट्सही होती. या रॉकेटचं मूळ म्हैसूरचं. लोखंडी नळीत दारू ठासलेले हैदर-टिपूचे बाण इंग्रजांनी अंगावर झेलले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणजवळच्या सुलतानपेठच्या राईत, रात्रीच्या अंधारात, खुद्द वेलस्लीला त्यांनी मागे हटवलं होतं. टिपू पडल्यावर नमुने इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हने त्यांवरून आपलं रॉकेट घडवलं.

त्याला नेम नव्हता. वाऱ्याने भरकटायचं. जहाजावर किंवा बुरुजावर मारायला असं शस्त्र कुचकामी, पण लक्ष्य आख्खं शहरच असेल तर कुठेही पडलं तरी आग लागते. आमच्या धंद्यातला बग इथे फीचर झाला.

म्हैसूरच्या रॉकेटची गोष्ट आपण फॉरवर्ड करतो ती टिपूवरून थेट नासावर उडी मारते. अब्दुल कलामांनी नासाच्या वॉलप्स केंद्रात पाहिलेलं चित्र त्यात हमखास असतं. मधलं हे स्टेशन कुणी सांगत नाही: झोपेतल्या घरांवर, स्वयंपाकघरांवर, बायकापोरांवर पडलेली रॉकेट्स. आपल्या कारागिरांचा यात दोष नाही, हे उघडच आहे. तरी अभिमानाची गोष्ट सांगायची तर ती पूर्ण सांगावी.

७ सप्टेंबरला शरणागती झाली. वाटाघाटीत वेलस्ली होताच. इंग्रज आरमार घेऊन गेले. पुढच्याच वर्षी त्यांनी तमिळ किनाऱ्यावरचं डॅनिशांचं तरंगमबाडीही घेतलं, ते १८१५ मध्ये परत केलं. दरम्यान १८१३ मध्ये डेन्मार्कची तिजोरी दिवाळखोरीत गेली आणि १८१४ मध्ये नॉर्वे हातचा गेला.

ग्रंथालयाशेजारीच वोर फ्रूए हे मुख्य चर्च आहे. त्याचा उंच निमुळता मनोरा त्या माऱ्यात जळून कोसळला. चर्च पुन्हा बांधलं, पण आता वर नुसता चौकोनी बुरूज आहे. गाईडचे घोळके त्याखालून जातात, बहुतेकांची नजर घड्याळावर. जहाज संध्याकाळी सुटतं.