थंडाईचे श्रेय

शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना आश्रय दिला आणि 1912 मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्या काळापासून कुस्ती हा या शहराचा मानबिंदू आहे. पहाटेच्या जोर-बैठका, हौदातली लढत आणि त्यानंतर भिजवलेले बदाम, खसखस, बडीशेप, मिरी, वेलदोडे वाटून दुधात घातलेली थंडाई ही तालमीची ओळख. अलीकडे या थंडाईबद्दल एक दावा हौसेने केला जातो: अतिश्रमाने शरीरात तयार होणाऱ्या मुक्त कणांचा बंदोबस्त जुन्या वस्तादांना आधीच ठाऊक होता, अँटिऑक्सिडंट हे नाव तेवढे नंतर आले. हा दावा त्या परंपरेचा गौरव वाटला, तरी मला तो तिच्यावर अन्याय करणारा वाटतो.

दाव्याला आधार वाटेल असा पुरावा आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. 1982 मध्ये बर्कलेच्या संशोधकांनी थकेपर्यंत धावलेल्या उंदरांच्या स्नायूंत आणि यकृतात मुक्त कणांचे प्रमाण दोन ते तीन पट वाढल्याचे दाखवले. बदामात ई जीवनसत्त्व भरपूर असते आणि मसाल्यांत ऑक्सिडीकरण रोखणारी संयुगे असतात. पण घटक पदार्थात असणे वेगळे आणि त्याने पैलवानाचे भले होणे वेगळे. 2009 मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगात व्यायाम करणाऱ्या काही तरुणांना 4 आठवडे रोज 1000 मिलिग्रॅम क आणि 400 युनिट ई जीवनसत्त्व दिले गेले. व्यायामाने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. तो लाभ गोळ्या न घेणाऱ्यांना मिळाला, घेणाऱ्यांना मिळाला नाही. शरीराची स्वतःची संरक्षक विकरे वाढवण्याचा इशाराही हेच मुक्त कण देतात. तो इशाराच दाबला, तर मेहनतीचे फळ घटते.

यावर कोणी म्हणेल, की गोळी म्हणजे थंडाई नव्हे. आक्षेप रास्त आहे. त्या गोळ्यांतली मात्रा नेहमीच्या जेवणातून मिळते त्याच्या कितीतरी पट होती. लंडन मॅरेथॉनच्या आधी आणि नंतर आंबट चेरीचा रस प्यायलेल्या धावपटूंची ताकद लवकर भरून आल्याचेही 2010 च्या एका छोट्या अभ्यासात दिसले. पण यातून इतकेच सिद्ध होते, की वनस्पतिजन्य अन्न अन्न म्हणूनच जोखले पाहिजे. त्यातला एक रेणू वेगळा काढून त्याच्या नावाने सगळ्या पेल्याला प्रमाणपत्र देता येत नाही.

मग तालमीची परंपरा निव्वळ समजूत होती का? मुळीच नाही. घाम गाळलेल्या शरीराला थंडाईतून पाणी, स्निग्धांश, साखर आणि प्रथिने एकाच पेल्यात मिळत. गरीब घरच्या पोरालाही असा खुराक मिळावा, याची सोय राजाश्रयाने आणि दात्यांनी केली. वस्तादाच्या नजरेखाली मेहनत, आहार आणि झोप यांची सांगड बसे. एवढे श्रेय या परंपरेने कमावलेलेच आहे. न कमावलेल्या शोधाचे श्रेय तिला चिकटवले, की उद्या त्याच शोधाच्या नावाने डबाबंद पूड विकणाऱ्याला वाट मोकळी होते आणि पैलवानाच्या हातचा पेला जातो. परंपरेबद्दल आस्था असेल, तर तिने खरोखर जे केले त्याचीच नोंद आपण ठेवली पाहिजे.